मोज्यातलं घड्याळ

आमच्या लाइनवर एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जोडायचे भाग संपत आले, लाल दिवा लागला आणि तरी खंडूभाऊंची ट्रॉली दिसली नाही की सुमनताई, म्हणजे मी, ओरडणार. काय ओरडणार तेही पाठ आहे. "काय खंडूभाऊ, झोपला होतात का?" अकरा वर्षं हेच. मी तोंड उघडायच्या आधीच पोरी गालात हसायला लागतात.

मी भांडकुदळ नाही. दिघीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. नाहीतर नकाच विचारू. पण चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या दारांची कुलपं बनतात, मी सांभाळते त्या लाइनवर सोळा जणी आहेत आणि दर बेचाळीस सेकंदांनी एक कुलूप बाहेर पडायला लागतं. लाइन थांबली की वरच्या बोर्डावर माझं नाव लाल होतं. ज्याच्यामुळे थांबली त्याचं होत नाही. स्टोअरमधून भागांचे क्रेट ट्रॉलीवर रचून आणणारा माणूस एकच, खंडूभाऊ. शेजारच्याच गावचे, चोपन्न वर्षांचे, हिशेबाने बोलणारे. मी ओरडले की म्हणायचे, "आलो की ताई," क्रेट उतरवायचे आणि रिकामी ट्रॉली घेऊन परत जायचे. माणूस उलट बोलला असता तर निदान भांडायला मजा आली असती.

तर मागच्या हिवाळ्यात घड्याळं आली. एचआरच्या मिनल मॅडम, वय सत्तावीस, सतत पळत असणाऱ्या, एका सकाळी पेटी घेऊन लाइनवर आल्या. कंपनी सगळ्या कामगारांना फिटनेसचं स्मार्टवॉच देण्याचा विचार करत होती. आधी तीस घड्याळं वापरून बघायची, मग ठरवायचं. मशीन शॉपला मिळाली नाहीत, कारण फिरत्या मशीनपाशी हातात घड्याळ काय, साधी अंगठीही चालत नाही. मिळाली ती आमच्या लाइनला, इन्स्पेक्शनला, स्टोअरला आणि ट्रॉलीवाल्या खंडूभाऊंना.

"ताई, पंधरा दिवसांनी तुमच्याकडून एक फॉर्म भरून हवाय," मॅडम म्हणाल्या. "एका बाजूला काय आवडलं, दुसऱ्या बाजूला काय सुधारावं. सगळ्यांना विचारून तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर छान आहे."

अक्षराचं कौतुक केलं की मी विरघळते. हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

पहिले आठ दिवस लग्नघरासारखे गेले. जो तो मनगट वर करून बघतोय. आवडलेल्या गोष्टी मी भराभर टिपून घेत होते. सकाळचा गजर आवाज न करता मनगटावरच थरथरतो, त्यामुळे नाइट करून आलेल्या नवऱ्याची झोप मोडत नाही. फोन घरचा आहे की सुपरवायझरचा, हे खिशात हात न घालता कळतं. लाइनवरच्या वर्षालीला घड्याळातला टॉर्च आवडला, तिच्या खोलीच्या जिन्यात दिवा नाही. सुधारायच्या गोष्टी त्याहून जास्त निघाल्या. पट्ट्याखाली घाम साचून खाज सुटते. चार्जर घरातल्या कुठल्याच चार्जरशी जुळत नाही. नाइट करणाऱ्याने दिवसा सात तास झोप काढली तरी घड्याळ म्हणतं, काल तुम्ही झोपलाच नाहीत. आणि इन्स्पेक्शनच्या इंदुताई, ज्या दिवसभर भिंगाखाली कुलपं बघत उभ्या असतात, त्यांना दर तासाला सूचना यायची की बराच वेळ बसून आहात, जरा उभं राहा.

"मेल्याला एकदा माझी सुजलेली पावलं दाखवा," इंदुताई म्हणाल्या. तेही मी लिहून घेतलं, 'मेल्याला' तेवढं वगळून.

पण खरी गंमत पावलांची. दर शनिवारी मॅडम नोटीस बोर्डावर यादी लावायच्या, कुणाची रोजची सरासरी किती. पहिल्या शनिवारी बोर्डासमोर ही गर्दी. पहिला नंबर सुजितचा, चौदा हजार दोनशे. सुजित स्टोअरच्या खिडकीत बसून माल सोडायच्या चिठ्ठ्या फाडतो. आम्ही म्हटलं, पोरगा कामानंतर पळायला जात असेल. माझी अकरा हजार. आणि सगळ्यात शेवटी, तिसाव्या नंबरवर, खंडूभाऊ. एक हजार एकशे तीस.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. खोटं कशाला बोलू, झाला. अकरा वर्षं मी जे बोंबलत होते ते आता छापून आलं होतं. "बघा," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला. मी म्हणत होते ना, कुठेतरी जाऊन बसतात म्हणून?" सगळे हसले. खंडूभाऊ मागेच उभे होते. त्यांनी आपल्या घड्याळाकडे बघितलं, मग बोर्डाकडे, आणि ट्रॉली घेऊन गेले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी फॉर्म दिला. 'काय आवडलं' या बाजूला शेवटी एक ओळ मी माझ्या मनाची घातली: 'कोण किती काम करतो ते घड्याळामुळे कळतं. उदाहरणार्थ ट्रॉली.' उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं पेन लावलं कागदाला. दिलं आणि विसरले.

त्याच दिवशी, पाळी सुटायच्या वेळेला, खंडूभाऊ लाइनवर आले. ट्रॉली नव्हती बरोबर. अकरा वर्षांत ट्रॉलीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, अर्धे वाटले.

"ताई, तुमी कागदावर काय लिवलं?"

"का हो?"

"कुलदीप सायबांनी बोलावलं व्हतं. सोमवारपासून ट्रॉलीची जागा बंद. लायनीवाल्यांनी आळीपाळीनं क्रेट आणायचं. मला गेटवर बशीवनार, गाड्यांचं नंबर लिवायला."

कुलदीप सर म्हणजे आमचे प्रॉडक्शनचे मोठे साहेब. माणसं कमी करायची कात्री त्यांच्या हातात आधीपासूनच होती, कुठे लावायची तेवढं माझ्या ओळीने दाखवलं.

"अहो, मग बरंच की," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले. "सावलीत बसायचं. या वयात धावपळ कशाला?"

"बसलं की गुडघं धरत्यात माझं. चालतोय तवर मी हाय." ते थांबले. "आन् गेट हाय आमच्या गावाच्या रस्त्यावर. सारं गाव तिथनं जातंय. समद्यांना दिसनार, खंडूला बशीवलं."

मी म्हणाले, "घड्याळाने सांगितलं भाऊ, मी नाही." आणि बस पकडायला निघाले. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली तरी बरं वाटलं नाही.

रात्री झोप धड लागली नाही. एरवी मी झोपताना घड्याळ काढून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते आणि कामाला निघताना घालते. त्या दिवशी काढायचं राहूनच गेलं. पहाटे उठले, पीठ मळायला घेतलं तेव्हा लक्षात आलं. घड्याळात अडतीस पावलं. सहा भाकरी थापल्या, भाजल्या, हात धुतला आणि घड्याळ ओलं झालं का बघायला मनगट वर केलं. पाचशे साठ.

मी पुन्हा बघितलं. ओट्यापासून मी एक पाऊल हलले नव्हते.

आमचे हे, ज्योतीराम, भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. चहाची वाट बघत दारात उभे होते. त्यांना घड्याळ दाखवलं. "वा," म्हणाले, "भाकरी थापता थापता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलीस. येताना साखर आणायचीस की."

एरवी मी त्यांना चांगलं उत्तर दिलं असतं. पण मी परातीशी तशीच उभी राहिले. हात थपाथपा हलला की घड्याळाला वाटतं, बाई चालतेय. मग हात हललाच नाही तर? खंडूभाऊंचे दोन्ही हात दिवसभर कुठे असतात? ट्रॉलीच्या दांड्यावर, घट्ट. मी उभ्या उभ्या चालत होते आणि तो माणूस चालता चालता उभा ठरला होता. भाकऱ्या फडक्यात बांधल्या, घड्याळाने तीही पावलं मोजली असतील.

शनिवारी पहिली पाळी असते. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मी स्टोअरकडे गेले. खंडूभाऊ खिडकीपाशी भरल्या ट्रॉलीला टेकून उभे होते आणि घड्याळाचा पट्टा सोडवत होते.

"मॅडमला परत करतो," ते म्हणाले. "माजा शेवटचा दिस ट्रॉलीवर."

"आधी मला ट्रॉली द्या."

"जड हाय ताई."

"द्या म्हणते ना."

माझ्या घड्याळात तेव्हा सहा हजार दोनशे चौदा पावलं झाली होती. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ढकलायला लागले. तोंडाने मोठ्याने मोजत होते, एक, दोन, तीन. वळणावर ट्रॉली आपल्या मनाने भिंतीकडे जाते हे मला माहीत नव्हतं. मशीन शॉपच्या उंबऱ्यावर जी लोखंडी पट्टी आहे तिथे चाक अडलं, तिथे मला दोनदा दम घेऊन रेटावं लागलं. खंडूभाऊ बाजूने चालत होते, मधेच हात पुढे करायचे, मी नको म्हटलं की मागे घ्यायचे. माझ्या लाइनपर्यंत तीनशे दहा पावलं झाली. घड्याळ बघितलं. सहा हजार दोनशे एकोणीस. पाच वाढली होती, तीही बहुतेक मी घाम पुसला तेव्हाची.

"आता बघा मजा," म्हणत खंडूभाऊ पहिल्यांदा हसले. "सायबाच्या म्हनन्यापरमानं तुमी आता बसल्या व्हत्या."

मला हसू येईना. मी क्रेटवरच बसले. आमच्या कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेली. मशीन बंद पडलं, का? पट्टा तुटला. का तुटला? असं विचारत खाली खाली जायचं, मूळ सापडेपर्यंत. कायझेनच्या, म्हणजे कामात सुधारणा सुचवायच्या, कागदावर मी अशी कितीतरी मुळं शोधलीत, बक्षिसाचे तीन थर्मास घरी आहेत. आणि खंडूभाऊंच्या बाबतीत अकरा वर्षांत एकदाही 'का' विचारलं नव्हतं.

"भाऊ, क्रेट उशिरा का येतात?"

"ट्रॉली खिडकीपाशी उभी ऱ्हाती म्हनून."

"का उभी राहते?"

"चिठ्ठी घावत न्हाई. चिठ्ठीबिगर माल हलवायचा न्हाई, नियम हाय."

"चिठ्ठी का मिळत नाही?"

"सुजितचं हात मोकळं नसत्यात."

"का मोकळे नसतात?"

खंडूभाऊंनी डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरवून दाखवला. मी उठून स्टोअरच्या खिडकीत डोकावले. सुजित खुर्चीत पाय पसरून बसला होता आणि तंबाखू मळत होता, अगदी मन लावून. मळायचं, थापटायचं, फुंकायचं, परत मळायचं. मनगटावर घड्याळ. चौदा हजार दोनशे पावलं त्या तळव्यावर चालली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती फाशी मी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिली होती.

"अकरा वर्षं सांगितलं का नाहीत मला?" मी परत येऊन विचारलं. आवाज चढलाच, सवय आहे.

"तुमी इचारलंच न्हाई," खंडूभाऊ म्हणाले. "तुमी इचारायच्या, झोपला व्हता का. मी काय झोपलो नव्हतो. पर तुमी उत्तराला थांबायच्या न्हाई."

लाज वाटली, इतकी की त्यांच्याकडे बघवेना. म्हणून मी त्यांच्या पायांकडे बघितलं. जड सेफ्टी बूट, घोट्यावर आलेले राखाडी मोजे. आणि मला सुचलं.

"भाऊ, घड्याळ द्या आणि पाय पुढे करा."

"आता पाय कशापायी?"

"चालतं कोण? हात की पाय?"

पट्टा शेवटच्या भोकात अडकवून घड्याळ त्यांच्या घोट्यावर बसवलं, वरून मोजा ओढला. आधी त्यांना भारी संकोच वाटला. मग एक खेप करून आले, मोजा खाली करून दोघांनी बघितलं, जाऊन येऊन सहाशे अठरा. मी तोंडाने मोजलेली दुप्पट केली तर सहाशे वीस. दोनाचा फरक मी माफ केला. दिवस अर्धा सरला होता, पण शनिवारच्या उरलेल्या पाळीत खंडूभाऊंची पावलं झाली नऊ हजार आठशे सत्तर. अर्ध्या पाळीत. रविवारी मी कायझेनचा कोरा कागद काढला आणि सगळे 'का' एकाखाली एक नीट लिहून काढले. सुजितचं नाव लिहिलं नाही, 'हात मोकळे नसणे' एवढंच लिहिलं. एकदा एकाकडे बोट दाखवून हात पोळले होते.

सोमवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे रांगेत उभे राहतात, साहेब सूचना देतात. कुलदीप सरांच्या हातात कागद होता. खंडूभाऊ शेवटच्या ओळीत इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. गेटवर बसायचं म्हणून घातला असणार. तो शर्ट बघून मला राहवलं नाही.

"सर, आधी मला बोलायचंय."

"सुमनताई, दोन मिनिटं."

"अकरा वर्षं बोलतेय सर, दोन मिनिटांत कसं होईल?" लोक हसले, तेवढ्यात मी पुढे जाऊन उभी राहिले. "मी फॉर्मवर एक ओळ चुकीची लिहिली. मुद्दाम नाही, पण आनंदाने लिहिली, हे त्याहून वाईट. हे घड्याळ हात मोजतं. खंडूभाऊंचे हात ट्रॉलीवर असतात, म्हणून त्यांची पावलं कधी मोजलीच गेली नाहीत."

"म्हणजे घड्याळ खोटं?" सरांनी विचारलं.

मी आधी मनगटावरचा आकडा त्यांना दाखवला. मग त्यांच्यासमोर उभी राहून एका तळव्यावर दुसऱ्या तळव्याने भाकरी थापायला लागले. मिनिटभर थापली. आणि मनगट पुन्हा पुढे केलं. सरांनी आकडा परत बघितला. शंभराच्या वर पावलं वाढली होती. मग खंडूभाऊंना पुढे बोलावलं, मोजा खाली करायला लावला, शनिवारचा आकडा दाखवला. मिनल मॅडमनी तो मोठ्याने वाचला. रांगेत कुणीतरी शिट्टी वाजवली.

"ही अर्धी पाळी आहे, सर," मी म्हणाले. "पूर्ण पाळीला वीस हजारांच्या आसपास. दीडशे किलो ढकलत. आणि या माणसाला मी रोज सगळ्यांसमोर झोपलेला म्हटलं. तेही चुकलं. तेही सगळ्यांसमोरच सांगते."

सरांनी यादी बघितली. "मग पहिला नंबर सुजितचा, तो कसा?"

सुजितने तोंड उघडायच्या आधीच त्याचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर गेला होता. सगळ्यांनी ते बघितलं. त्याने हात पटकन पाठीमागे नेले. "सर, माझी जरा कमीच धरा," तो म्हणाला आणि रांग अशी हसली की सरांनाही तोंड वळवावं लागलं.

हसू ओसरल्यावर सरांनी हातातला कागद चार घड्या करून खिशात ठेवला. ट्रॉलीचं आहे तसं राहू दे, म्हणाले. चिठ्ठ्या यापुढे सकाळीच काढून खिडकीबाहेर खिळ्याला लावायच्या, खंडूने आपल्या हाताने घ्यायच्या. आणि उंबऱ्यावरच्या पट्टीचं मेंटेनन्सला सांगितलं. खंडूभाऊंनी वाकून मोजा वर ओढला, आणि ओढताना डोळे पुसले ते मी बघितलं.

मॅडमनी मला फॉर्म परत दिला, नवा भरायला. मंगळवारी लाइन सुरू झाल्यावर मी कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी राहून लिहायला घेतलं. ती ओळ काढून टाकली. 'काय सुधारावं' या बाजूला लिहिलं: 'घोट्याला बसेल असा लांब पट्टा द्यावा.' पुढे अजून काही लिहावं का याचा विचार करत होते. अक्षरही नीट यायला हवं होतं.

मागे चाकांचा आवाज आला. मी वळून बघितलं. खंडूभाऊ भरली ट्रॉली घेऊन उभे. लाल दिवा लागायला अजून दहा मिनिटं होती, रॅकवर आधीचे क्रेट तसेच, नवे ठेवायला जागाच नाही. जागा करून ठेवायचं काम माझं. सोळाच्या सोळा पोरी हात चालू ठेवून आमच्याकडे बघायला लागल्या.

खंडूभाऊंनी दांडा सोडला. दोन्ही हात कमरेवर ठेवले. घसा खाकरला.

"काय सुमनताई," ते म्हणाले, अख्ख्या लाइनला ऐकू जाईल असं, "झोपला व्हता का?"

"व्हय भाऊ," मी म्हणाले. "अकरा वर्षं."

मग पेन खिशाला लावलं आणि दोघांनी मिळून क्रेट उतरवले.